काकूंचा डबा

मैत्रिणीचा फोन अश्दोदहून आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. म्हणाली, "आई चार दिवस तुझ्याकडे येतेय, २६ जानेवारीला. शुक्रवारी मी मुंबईत उतरतेय, तेव्हा तिला घेऊन ठाण्यालाच ये. रात्री सगळे जमू. आणि येताना काहीतरी गोड कर, बदामाचं, घरी भाजलेलं." मी लगेच हो म्हटलं. काकूंचं आणि आमचं ठाण्याचं घर एका भिंतीचं. लग्न होऊन मी नाशिकला आले त्याला आता ३१ वर्षं झाली, पण माझं बालपण अर्धं त्यांच्या ओट्यावर गेलेलं. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे दोन दिवे लागत, शनिवारी चूल पेटत नसे, होळीच्या सुमारास त्यांच्याकडेही पुरणपोळी होत असे. आडनाव आमच्यासारखंच, कोकणातल्या गावाला 'कर' लावलेलं. त्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, एवढं ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांच्या हातचं मी शेकडो वेळा खाल्लं होतं, पण माझ्या हातचं त्यांना काय चालतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी सुरुवात केली ती बाजारातून. वाटलं, शुद्ध शाकाहारी असलं की झालं. हिरव्या ठिपक्याचे बिस्किटांचे तीन पुडे आणले आणि त्यांचे फोटो मैत्रिणीला पाठवले, म्हणजे चव कोणती धरायची ते ती सांगेल. तिने विचारलं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय? चष्मा लावून वाचलं. तिन्हींत दुधाची पावडर. मग तिने शांतपणे समजावलं. शुक्रवारी रात्री कोंबडीचं कालवण असणार, नारळाच्या दुधातलं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात, तीन ठिकाणी आलेली आहे. त्यावरून दूध आणि मांस एका जेवणात येऊ द्यायचं नाही, एका भांड्यात तर नाहीच. मांस खाल्ल्यावर पुष्कळ घरांत सहा तास दुधाला शिवत नाहीत. म्हणजे जेवणानंतरच्या गोडात दूध नको, लोणी नको, तूप नको. जे ना दुधाचं ना मांसाचं, त्याला 'पारवे' म्हणतात. फळं, धान्य, तेल, सुकामेवा, आणि अंडीसुद्धा. मी वहीत पारवेच्या पुढे अर्थ लिहिला, 'मधलं'. मग खोडून 'तटस्थ'. तेही खोडलं आणि 'दोन्हीकडे चालणारं' असं लिहिलं. माझ्या घरात आजवर दूध पवित्र आणि अंड्याला वेगळी वाटी. काकूंच्या घरी अंडं कुठेही बसतं, आणि जपून ठेवायचं ते दूध.

नानकटाई मला येते, असं मी समजत होते. तूप काढून टाकलं आणि तेवढंच शेंगदाण्याचं घाणीचं तेल घातलं, वर बदामाचे काप. दहा मिनिटांनी काचेतून पाहिलं तर बारा नानकटायांची मिळून एकच पोळी झाली होती, ट्रेच्या कडेपर्यंत पसरलेली. मैत्रिणीने विचारलं, तूप फेटताना ते पांढरं का होतं माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. घट्ट स्निग्ध पदार्थ साखरेबरोबर फेटला की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. इंग्रजीत त्याला क्रीमिंग म्हणतात, मी 'फेटून वारा भरणे' असं लिहून ठेवलं. पातळ तेलात हा वारा राहत नाही, शिवाय भट्टी तापायच्या आधीच ते पिठातून पळतं. एवढी वर्षं मी तूप हलकं होईस्तोवर फेटत होते, ते आईने तसं सांगितलं म्हणून.

उत्तर सापडलं ते न्हाणीघरात. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. नवरा खोबरेल तेलाची बाटली उलटी धरून ठोकत होता आणि ते बाहेर येत नव्हतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. मुंबईत बहुतेक दिवस ते पातळच असतं. माझ्या नाशिकच्या थंडीत मात्र ते तुपासारखं घट्ट बसलं होतं. खाण्याचं खोबरेल आणलं, रात्रभर ओट्यावर ठेवलं, सकाळी पिठीसाखरेबरोबर फेटलं. ते खरोखर पांढरं आणि हलकं झालं. नानकटाया गोल राहिल्या, वर भेगा पडल्या, नारळाचा मंद वास आला. मी दोन डबे भरले, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि निश्चिंत झाले.

सोमवारी काकू आल्या. वय ७९, हातात एक पिशवी आणि खांद्याला दुसरी. पहिलीत कपडे, दुसरीत दोन पातेली, एक सुरी, एक काचेचं भांडं आणि पोळपाटाएवढी गुंडाळलेली चादर, तिच्यात ताटली. मी डबा उघडून पुढे केला. त्यांनी नानकटाई हातात घेतली, वास घेतला, म्हणाल्या, "खोबरेल ना? छान पकडलंस." मग मऊ आवाजात विचारलं, "या ओव्हनमध्ये आणखी काय काय होतं गं?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच मला कळलं. चीजचा पिझ्झा, मुलाच्या वाढदिवसाचा लोण्याचा केक, आणि नवऱ्याने दोनदा भाजलेली तंदुरी कोंबडी, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली. त्यांना चालणारं मांस शोहेत, म्हणजे त्यासाठी शिकलेला माणूस, ठरल्या रीतीने कापतो. नंतर ते भिजवून, मीठ लावून त्यातलं रक्त काढतात. माझ्या ओव्हनने ते सगळं एकत्र पाहिलं होतं. काकूंनी नानकटाई माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तू खा बाबा, आणि मला सांग कशी झालीय." दोन डबे होते. त्यातली एकही त्यांना खाता आली नाही.

माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, ओव्हन नवा घ्यायला नको, 'काशेर' करता येईल. त्यांच्या नियमात बसणाऱ्या अन्नाला कोशेर म्हणतात, शब्दाचा अर्थ 'योग्य'. काशेर करणं म्हणजे भांडं पुन्हा योग्य करणं. मी लिहिलं, 'भांडं कोरं करणे'. आधी आतून कणभरही राहणार नाही असं घासायचं. मग चोवीस तास वापरायचं नाही. मग रिकामा ओव्हन जास्तीत जास्त आचेवर तासभर तापवायचा; भांड्याने जे आचेने शोषलं ते आचेनेच बाहेर पडतं, असा त्यामागचा विचार. ट्रे आणि मिक्सरचं भांडं मात्र नवं आणायचं ठरलं. मी दोन तास घासले. संपवून उठले तर काकूंनी दाराच्या रबरी कडेत सुरीचं टोक फिरवलं, आणि चीजची एक वाळलेली तार बाहेर आली. घड्याळ पुन्हा शून्यावर.

म्हणून मंगळवार मोकळा मिळाला आणि आम्ही रविवार कारंज्याकडे सुक्यामेव्याला गेलो. बदाम मी नेहमी किलोवर घेते. काकूंनी दोन दाणे फोडून पाहिले, चावून पाहिले, आणि तिसऱ्या दुकानात घेतले. खजूर घरी आणून एकेक मधे फाडला, बी काढली, उजेडाकडे धरला. अंजीर उलटं करून दाबून पाहिलं. अळी, किडा, जाळी असलेलं काही पोटात जाऊ नये, हा नियम त्यांच्याकडे मांसाच्या नियमाइतकाच कडक आहे. तांदूळ आणि रवा निवडताना आपणही हेच करतो, पण किडलेला खजूर दिसला तर मी तेवढा भाग काढून बाकीचा खाल्ला असता. काकू अख्खा टाकत होत्या. पाऊण किलोतले अकरा गेले. त्या निवडत असताना मी फोनवर बोलत बोलत हात घातला आणि न पाहिलेला खजूर पाहिलेल्यांच्या ताटात टाकला. त्या काही बोलल्या नाहीत. पूर्ण ताट पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागल्या.

त्याच दिवशी मी एक आश्चर्य जपून ठेवलं होतं. शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू होताना किद्दूश हा आशीर्वाद म्हणतात, वाइनचा प्याला हातात धरून, हे मला आठवत होतं. नाशिकला राहून दुसरं काय देणार? चांगल्यातली स्थानिक वाइनची बाटली आणली होती, फीत बांधून. काकूंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, वाचली, मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "ही तू नि तुझा नवरा प्या." द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत वाइन ज्यू हातांनी झालेली असावी लागते. द्राक्षाच्या रसालाही तोच नियम. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून मी पाहुणीला नेमकं द्राक्षाचंच चालणार नाही ते आणलं होतं. मग त्यांनी मघाच्या पिशवीतून काळ्या मनुका काढल्या, निवडल्या, धुतल्या आणि पाण्यात भिजत घातल्या. कोकणातल्या बेने इस्रायल घरांना वाइन कुठून मिळणार? ते मनुकांचं सरबत करत. फुगलेल्या मनुका त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या, फडक्याने पिळून गाळायच्या. तेही द्राक्षच असल्याने प्याल्यावरचा आशीर्वाद द्राक्षाचाच. सकाळी वाटीत पाहिलं तर पाण्याला गर्द तपकिरी रंग आला होता. मनुका नाशिकच्याच होत्या.

संध्याकाळी मनुका भिजत असताना मी अखेर विचारलं, तुम्ही लोक इथे आलात कसे? काकूंनी जे लहानपणी ऐकलं ते सांगितलं. नौगावजवळ, अलिबागच्या किनाऱ्याला, जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पोथ्या, कपडे, सगळं समुद्रात गेलं. ते गावांत राहिले, मराठी झाले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी बैल सोडलेले असत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. शेकडो वर्षांनी डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. त्याने या बायांना निरनिराळे मासे शिजवायला दिले, तेव्हा ज्यांना पर नि खवले नव्हते ते त्यांनी बाजूला काढले. पोथी उरली नव्हती, पण मासा निवडायचं राहिलं होतं. त्यावरून त्याने ओळखलं. ही गोष्ट परंपरेने आलेली आहे, तिला दिनांक नाही. काकूंनी मात्र ती अशी सांगितली की जणू त्या बायांपैकी एकीला त्यांनी पाहिलं होतं. मी ओट्यावरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते तेल मी शोधून काढलं.

बुधवारी ओव्हन कोरा झाला. मॅकरून करायचे ठरले. यात मैदा नाही, स्निग्ध पदार्थ नाही, फुगवायला सोडा नाही: बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक. मैत्रीण म्हणाली, हे पेसाहलाही चालतं. पेसाह या सणाच्या आठवड्यात पाण्याने आंबू शकणारं गव्हासारखं कुठलंही धान्य घरात नसतं, फक्त मात्सा, न फुगवलेली कोरडी भाकर. म्हणून जगभरच्या ज्यू घरांत त्या दिवसांत पिठाची जागा बदाम, अक्रोड आणि खोबऱ्याने घेतली. स्पेनमधून १४९२ साली हाकलले गेलेले ज्यू भूमध्य समुद्राच्या काठाने पसरले आणि बदामाचे असे पदार्थ बरोबर घेऊन गेले. कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडन यांनी मध्यपूर्वेच्या स्वयंपाकावरच्या १९६८ सालच्या पुस्तकात संत्री उकडून, बदामात मिसळून केलेला बिनमैद्याचा केक दिला, तो पुढे कुठल्या कुठे पोचला. मला त्या केकचा मोह झाला होता, जानेवारीत नागपूरची संत्री भरपूर असतात. काकू म्हणाल्या, आधी बिस्कीट नीट कर.

बदाम उकळत्या पाण्यात दीड मिनिट टाकले, सालं सोलली, आणि ओलेच मिक्सरमध्ये फिरवले. अर्ध्या मिनिटात चटणी, एका मिनिटात तेल सुटलेला गोळा. २०० ग्रॅम बदाम गेले. संध्याकाळी नवऱ्याने ते पावाला लावून खाल्ले. दुसऱ्या खेपेला सोललेले बदाम फडक्यावर पसरून पंख्याखाली चार तास वाळवले, मग त्यात दोन चमचे साखर घालून थांबत थांबत, एकेका फटक्याने फिरवले. साखर सुटणारं तेल धरून ठेवते. चाळणीतून रव्यासारखा भुगा पडला तेव्हा मी काकूंना हाक मारून दाखवला.

अंडी. मी सवयीप्रमाणे एकामागून एक भांड्याच्या कडेवर आपटून आत सोडली. काकू पलीकडून आल्या, भांड्यात वाकून पाहिलं. तिसऱ्या अंड्याच्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. रक्त खायचं नाही, ते पशूचं असो की पक्ष्याचं, अंड्यातलं असलं तरी. त्यांनी ते भांडं उचललं, रिकामं केलं, धुतलं, आणि त्याच्या शेजारी एक पारदर्शक काचेचा पेला ठेवला. एकेक अंडं पेल्यात फोडायचं, उजेडात फिरवून खालून वरून पाहायचं, मगच भांड्यात. असा ठिपका म्हणजे कोंबडीच्या आत फुटलेली एक बारीकशी रक्तवाहिनी, क्वचित आढळणारी. मी तीस वर्षं अंडी फोडली आहेत. असे किती ठिपके माझ्या हातून पिठात मिसळून गेले असतील, ते मला कळायला मार्ग नाही.

प्रमाण असं: २०० ग्रॅम बदामाचा भुगा, १५० ग्रॅम साखर, दोन अंड्यांचा पांढरा बलक, वेलची, किंचित जायफळ. फेस येईपर्यंतच फेटायचं, कडक नको. हात ओला करून सुपारीपेक्षा मोठे गोळे, मधोमध अर्धा बदाम. मी ओव्हनच्या खटक्याला हात लावणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं. "हे मी करते." भाजायला आच लावण्यात ज्यू हात असावा, अशी रीत आहे; बाकी सगळं दुसऱ्याने केलं तरी काकूंच्या घरी चालतं. त्यांनी खटका फिरवला, आत लाल तार पेटलेली दोघींनी पाहिली. १६० अंश. पहिल्या खेपेला मी 'आतून मऊ आहेत' म्हणून पाच मिनिटं वाढवली, आणि थंड झाल्यावर ते दगड झाले. मॅकरून ओव्हनमधून मऊच निघतात आणि बाहेर वाऱ्यावर कडक होतात. दुसरी खेप अठराव्या मिनिटाला, कडा नुकत्या बदामी झालेल्या असताना काढली. ट्रेला हात न लावता पंधरा मिनिटं थांबणं हे सगळ्यात अवघड गेलं. काकूंनी पहिला उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि खाल्ला. मग दुसरा उचलला.

खल्ला, म्हणजे शुक्रवारचा वेणी घातलेला पाव, याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो जमला नाही. उरलेले पिवळे बलक वापरायचे म्हणून मी गुरुवारी सकाळी पीठ मळलं. यीस्टला ऊब लागते आणि नाशिकने ती दिली नाही. चार तासांनी गोळा होता तेवढाच. उन्हात ठेवला, ब्लँकेटमध्ये गुंडाळला, शेवटी भाजला. सुरी चालली पण दात चालले नाहीत. काकूंनी सांगितलं की खूप पीठ मळलं, साधारण सव्वा किलोच्या वर, तर त्यातला लहानसा तुकडा वेगळा काढून जाळून टाकतात, पूर्वी तो मंदिरातल्या पुजाऱ्याचा असे; त्या तुकड्यावरूनच पावाला खल्ला नाव. माझं पीठ अर्धा किलो. "आमच्या लहानपणी शुक्रवारी चपातीच असायची," त्या म्हणाल्या, आणि कणीक मागितली.

गुरुवारी दुपारी त्यांनी ताटात पोहे भिजवले. हा मलिदा. सोमवारी, २ फेब्रुवारीला, त्यांचा झाडांचा सण होता, तू बिश्वात. नाव अवघड वाटलं तरी अर्थ सोपा: श्वात महिन्याची पंधरावी. त्यांचे महिने चंद्राचे असतात, मधे अधिक महिनाही येतो, म्हणून पंधरावी म्हणजे पौर्णिमेच्या आसपास. आमची माघी पौर्णिमा आदल्याच दिवशी, १ तारखेला. या दिवशी बेने इस्रायल कुटुंबं अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाहू हन्नाबीच्या ठिकाणी जातात. घाटातला खंडाळा नव्हे. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा. घरात शुभकार्य झालं, नवस फिटला, तेव्हाही मलिदा होतो. भिजलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते, मनुका, वर फळं. दूध नाही, तूप नाही, भट्टी नाही. चार दिवस मी जे शोधत होते ते पोह्यांच्या ताटात आधीपासून होतं.

फळं मांडताना त्यांनी मला विचारलं, "केळं झाडाचं की मातीचं?" मी म्हटलं झाडाचं. चूक. केळीला लाकडाचं खोड नसतं, एकदा घड दिला की ती संपते, म्हणून केळ्यावरचा आशीर्वाद मातीतून येणाऱ्या गोष्टींचा. सफरचंद, खजूर यांचा झाडाचा, वेगळा. शेंगदाणा मातीचा, बदाम झाडाचा. जे खायचं ते कुठून आलं हे माहीत असल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही. मैत्रिणीने त्याच वेळी फोटो पाठवला, तिच्या घराजवळचं बदामाचं झाड, एकही पान नाही आणि फांद्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेल्या. तिकडे सगळ्यांत आधी बदाम फुलतो. हिब्रूत बदामाला शाकेद म्हणतात, आणि त्याच मुळापासून 'जागं राहणं, लक्ष ठेवणं' असा शब्द आहे. काकूंनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. त्यांचे तीन भाऊ, दोन जावा तिकडे, रामले आणि दिमोना या गावांत. त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

शुक्रवारी पहाटे डबा भरला. मॅकरून ४२, खोबरेलाच्या नानकटाया, या वेळी कोऱ्या ओव्हनमधल्या, ३०. मी कागदाच्या पट्टीवर लिहिलं, 'दूध नाही'. काकूंनी पेन घेऊन त्याखाली 'पारवे' लिहिलं, आणि दोऱ्याने डबा चौफेर बांधून गाठ अशी मारली की सोडली तर कळावं. गाडीत डबा त्यांच्या मांडीवर, मनुकांच्या सरबताची बाटली माझ्या. कसारा घाटात थंडी मागे पडली आणि खोबरेलाची मला काळजी वाटू लागली. नानकटाया नरम पडतील का, विचारलं. त्या म्हणाल्या, पडू देत.

ठाण्याला मैत्रिणीला सहा वर्षांनी भेटले. सूर्यास्ताच्या आधी काकूंनी दोन दिवे लावले, डोळ्यांवर हात धरला. त्यांच्या भाच्याने सरबताचा प्याला हातात घेऊन किद्दूश म्हटलं. चपातीचा तुकडा, मीठ, मग कोंबडीचं कालवण, भात. मी शेवटपर्यंत डब्याकडे पाहत होते. मैत्रिणीने गाठ सोडली, पट्टी वाचली, एक मॅकरून उचलला, आणि तोंडाशी नेता नेता थांबून आईकडे पाहिलं.

"खा," काकू म्हणाल्या. "मी होते तिथे."